दवाखान्याच्या वहीतून संशोधनाकडे

पेरणीचे दिवस आले की वाशी तालुक्यातल्या दवाखान्यांची गर्दी बदलते. ढेकळे सारखी करताना विंचू चावलेला गडी येतो, बांधावर गवत कापताना पायाला काहीतरी डसलेली बाई येते, फवारणी करून उलट्या काढणारा तरुण येतो. नव्या पाण्याने जुलाब लागलेली लेकरे तर रोजचीच. दिवाळीच्या आधी तेरखेड्यासारख्या फटाक्यांच्या गावात भाजण्याची धास्ती असते. मग ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, तेव्हा बायकांच्या कंबरदुखीच्या, अंगावरून पांढरे जाण्याच्या आणि अशक्तपणाच्या तक्रारी दवाखान्यात येतात.

धाराशिव जिल्ह्याच्या या टोकावरचा डॉक्टर, मग तो एमबीबीएस असो की बीएएमएस, हे सगळे वर्षानुवर्षे पाहतो. कोणत्या महिन्यात कोणता ताप येतो, कोणत्या वस्तीवरून जुलाबाचे रुग्ण जास्त येतात, कोणते औषध इथल्या माणसांना सोसत नाही, हे त्याला तोंडपाठ असते. पण ते त्याच्या डोक्यातच राहते. रुग्ण बरा झाला की चिठ्ठी त्याच्या पिशवीत जाते, आणि डॉक्टर निवृत्त झाला की तीस-चाळीस वर्षांची निरीक्षणे त्याच्यासोबत दवाखान्याबाहेर पडतात. हे नुकसान भरून न येणारे आहे, कारण हे आजार त्यांच्या पहिल्या टप्प्यात मोठ्या रुग्णालयाला कधी दिसतच नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने या अनुभवाचे संशोधन कसे करावे, कशापासून सुरुवात करावी आणि कुठे सावध राहावे, याचा हा आढावा आहे.

आजचे चित्र

भारतात वैद्यकीय संशोधन मूठभर संस्थांत एकवटले आहे. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचे शोधनिबंध मोजले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. ३३२ संस्थांच्या नावावर त्या दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. केवळ २५ संस्थांनी देशातले सुमारे ४० टक्के निबंध दिले होते. शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयांची ही गत, तिथे एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याकडून कोण कशाची अपेक्षा करणार?

आणि तरीही, बहुतांश लोक आजारी पडल्यावर आधी जातात ते याच डॉक्टरकडे. त्याच्याकडे लोक कोणत्या तक्रारी घेऊन येतात, हे आकड्यांत दाखवून देणारे मोठे काम पुण्यात झाले. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये देशभरातल्या ८८० शहरांतील आणि गावांतील डॉक्टरांना एकाच दिवशी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायला सांगितले. सुमारे ७,४०० डॉक्टरांनी ती केली. एका दिवसात २,०४,९१२ रुग्णांची माहिती जमा झाली. सर्वाधिक आढळलेले लक्षण ताप होते, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. ‘पोसायडॉन’ नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यातल्या प्रत्येक डॉक्टरने फक्त एक दिवस, एक छापील तक्ता भरला होता. जनरल प्रॅक्टिशनर संशोधन करू शकतो का, या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर दुसरे नाही.

बिरवाडीचे उदाहरण

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना हिंमतराव बावसकर हे नाव नवे नाही. पण त्यांनी काय केले यापेक्षा कसे केले, हे बारकाईने पाहायला हवे.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मुलगा नागपूरहून एमबीबीएस होऊन १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत होती. पुस्तकात या विषयावर फारसे काही नव्हते. स्टेरॉइड, अॅट्रोपिन, गुंगीची इंजेक्शने, सलाइन असे हाताला लागेल ते दिले जाई. डॉ. बावसकर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी घेऊ लागले: दंश किती वाजता झाला, उलटी किती वाजता झाली, नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसात खरखर कधी सुरू झाली.

या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. नुसती भयंकर कळ आणि बाकी काही नाही, असा रुग्ण सहसा वाचतो. पण दंशाच्या जागी दुखणे बेताचे, आणि उलट्या, अंगभर घाम, हातपाय गार, पुरुषांमध्ये शिश्नाचा ताठरपणा अशी लक्षणे असतील, तर पुढच्या काही तासांत हृदय आणि फुप्फुसांवर संकट येणार. हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्यात महागड्या तपासण्या नव्हत्या. घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि चिकाटी एवढीच साधने होती.

पुढचा टप्पा उपचाराचा. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी साचते. मग आकसलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध द्यावे, हा तर्क. रक्तदाबासाठी बाजारात असलेली प्राझोसिनची स्वस्त गोळी त्यांनी त्यासाठी वापरली आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आले. बावसकर दांपत्याच्या लेखनानुसार १९६१ ते १९८३ या प्राझोसिनपूर्व काळात फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. १९८४ नंतर ते सुमारे एक टक्क्यावर आले.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. विंचूदंशावरचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर प्राझोसिनसोबत ते दिल्याने किती फरक पडतो, हे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात पद्धतशीर चाचणी घेऊन तपासले. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडलेले दोन गट. दोन्ही औषधे मिळालेल्या गटाला बरे व्हायला सरासरी ८ तास लागले, फक्त प्राझोसिन मिळालेल्यांना १७.७ तास. २०११ मध्ये हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ मध्ये डॉ. बावसकरांना पद्मश्री मिळाली.

या प्रवासाचा क्रम तालुक्याच्या डॉक्टरने जसाच्या तसा उचलावा. आधी नुसते पाहणे आणि लिहिणे, मग लक्षणांचा क्रम शोधणे, मग एका उपचाराचा अनुभव मांडणे, आणि सगळ्यात शेवटी, पुरेशी तयारी झाल्यावर, दोन उपचारांची रीतसर तुलना. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जायला त्यांना तीसहून अधिक वर्षे लागली. पण पहिली पायरी कोणत्याही डॉक्टरला आज संध्याकाळी चढता येते.

जवळपासच्या वाटा

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मांडला. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून, दहा वर्षांच्या नोंदी सांभाळून झालेले हे काम आहे.

धाराशिव जिल्ह्यातच, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांसोबत किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला. १३ ते १७ वर्षांच्या १,०१० मुली तपासल्या, त्यातल्या ८७ टक्के मुलींचे हिमोग्लोबिन कमी निघाले. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाशीतल्या एखाद्या डॉक्टरने ‘आमच्याकडच्या पोरी फिकट असतात’ असे म्हणणे वेगळे, आणि आपल्याच जिल्ह्याचा हा आकडा हाती घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणे वेगळे.

भूमच्या पुढे जामखेड लागते. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गावातल्या माणसांनाही ठेवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि तपासलेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. बंग दांपत्याची कामे संस्थेच्या बळावर झाली, त्यांची बरोबरी एकट्या दवाखान्याने करावी असे नाही. घ्यायचा तो प्रश्न विचारण्याचा धीर.

इंग्लंडमध्ये ही परंपरा जुनी आहे. बर्नली या गिरणगावात प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स मॅकेन्झी यांनी आपल्याच रुग्णांच्या नाडीचे आलेख वर्षानुवर्षे काढले. १९०२ मध्ये आलेले त्यांचे नाडीवरचे पुस्तक हृदयरोगशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत गणले जाते. यॉर्कशायरच्या खेड्यांत फिरणाऱ्या विल्यम पिकल्स यांनी कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कुणाला, कोणाकडून कावीळ किंवा गोवर लागला, हे टिपून ठेवले. खेड्यात कोण कुणाला कधी भेटले हे डॉक्टरला माहीत असते, म्हणून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस त्यांना मोजता आले. शहरातल्या रुग्णालयाला ते जमले नसते. १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि पुढे ब्रिटनच्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले. वाशीतल्या डॉक्टरला आजही हीच सोय आहे. पाहुणे कुठून आले, लग्न कुठे झाले, टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, हे सगळे त्याला ठाऊक असते.

प्रश्न लहान ठेवावा

बहुतेकांची गाडी अडते ती पहिल्याच वळणावर. ‘ग्रामीण भागातील मधुमेह’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘माझ्याकडे नव्याने मधुमेह आढळलेल्यांपैकी किती जणांना पायाला मुंग्या येण्याची तक्रार निदानाच्या आधीपासून होती’ हा प्रश्न आहे. चांगल्या प्रश्नाची खूण अशी की त्याचे उत्तर एका वाक्यात आणि एका आकड्यात देता येते.

वाशीच्या परिसरातून असे कितीतरी प्रश्न निघतात. सर्पदंश झाल्यापासून डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो आणि तो वेळ नेमका कुठे जातो: वाहन शोधण्यात, की आधी देवऋष्याकडे जाण्यात? सोयाबीनवर फवारणी करून येणाऱ्यांपैकी किती जणांनी तोंडाला काही बांधले होते? ऊसतोडीहून परतलेल्या बायकांपैकी किती जणींना कुणीतरी गर्भपिशवी काढायचा सल्ला दिला आहे, आणि त्यांचे वय काय?

शेवटचा प्रश्न शेजारच्या बीड जिल्ह्याने राज्याला विचारायला लावला. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे सरकारी सर्वेक्षण झाले. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ही बाब बातम्यांत यायच्या आधी या बायका आपापल्या गावच्या दवाखान्यांत पांढऱ्या पाण्याची आणि कंबरदुखीची तक्रार घेऊन गेलेल्याच होत्या. तिथल्या काही डॉक्टरांनी वय आणि सल्ला एवढे दोन रकाने जरी पाच वर्षे भरले असते, तरी हा प्रश्न कितीतरी आधी पुढे आला असता.

प्रश्न ठरवण्याआधी एक तास शोधासाठी द्यावा. ‘पबमेड’वर विषय शोधला की आधी काय झाले आहे ते कळते, आणि ‘पबमेड सेंट्रल’वर पूर्ण निबंध फुकट वाचता येतात.

वही कशी आखावी

संगणक असेल तर उत्तम, नसेल तर दोनशे पानी वही पुरते. नियम एवढाच की रकाने आधी ठरवायचे आणि हंगाम संपेपर्यंत बदलायचे नाहीत. विंचूदंशाच्या वहीतली एक ओळ, उदाहरणादाखल, अशी दिसेल: क्रमांक १४, पुरुष, ३२, दंश रात्री ८.१०, दवाखान्यात ९.०५, आधी घरगुती लेप, उलटी होय, घाम होय, हातपाय गार होय, नाडी ११८, रक्तदाब १५०/१००, दिलेले औषध, दोन-दोन तासांनी पुन्हा नाडी आणि रक्तदाब, पुढे पाठवले नाही, सातव्या दिवशी फोन, कामावर रुजू. ही ओळ भरायला पहिल्या वेळी जेमतेम एक मिनिट लागते.

शब्दांची व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. ताप म्हणजे थर्मामीटरवर किती? ‘उशिरा आला’ म्हणजे किती तासांनी? डॉक्टर आणि कंपाउंडर दोघेही नोंदी करणार असतील, तर हे पान दोघांनी एकत्र बसून लिहावे. ‘नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ यांसाठी वेगळी खूण ठेवावी. रिकामा रकाना नंतर काहीच सांगत नाही.

सातव्या दिवशीचा फोन हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा रकाना. जो परत आला नाही तो बरा झाला, असे मानायची सवय प्रत्येक डॉक्टरला असते. प्रत्यक्षात तो अंबाजोगाईला किंवा सोलापूरला दाखल झालेला असू शकतो, किंवा घरीच दगावलेला असू शकतो. फोन न करता काढलेला ‘बरे झाले’चा आकडा खोटा निघण्याची शक्यता दाट असते.

आकड्यांचे सापळे

आकडेमोडीची भीती अनेकांना अडवते, पण पहिल्या अभ्यासाला लागणारे गणित शाळेतले असते. खरी सावधगिरी वेगळीकडे लागते.

पहिली गोष्ट छेदाची. ‘माझ्याकडे डेंग्यूचे ४० रुग्ण आले’ याला अर्थ नाही, ‘तापाच्या ३१० रुग्णांपैकी ४०’ याला आहे. त्यासाठी आजार झालेल्यांसोबत न झालेलेही मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट, आपोआप बरे होण्याची. विंचू चावलेल्या बहुतेक माणसांना जिवाचा धोका नसतो. म्हणून सगळ्यांना एकत्र मोजले तर कोणत्याही औषधाला आणि कोणत्याही मंत्राला भरघोस यश मिळते. बावसकरांनी गंभीर लक्षणांचे रुग्ण वेगळे काढले म्हणूनच त्यांच्या आकड्यांना वजन आले. सर्दी, जुलाब, पाठदुखी यांवरच्या प्रत्येक ‘रामबाण’ उपायाला आधी हीच कसोटी लावावी.

तिसरी गोष्ट, थोड्या रुग्णांची. २० रुग्णांपैकी एकही दगावला नाही, म्हणजे उपचार पूर्ण सुरक्षित, असे होत नाही. अशा वेळी एक सोपा आडाखा आहे: ३ ला रुग्णसंख्येने भागावे. २० रुग्णांत शून्य मृत्यू असतील, तर खरे मृत्युप्रमाण १५ टक्क्यांपर्यंतही असू शकते. ३०० रुग्णांत शून्य असतील तरच ते एक टक्क्याच्या आत आहे, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. म्हणून लहान अभ्यासात टक्केवारीची आतषबाजी करू नये, ‘२० पैकी ३’ असे साधे लिहावे.

चौथी गोष्ट, दवाखान्यात येतात ते सगळा गाव नव्हे. पैसे नसलेले, दूर वस्तीवरचे, म्हातारे यांतले बरेच जण येत नाहीत. निबंधात ही मर्यादा स्पष्ट लिहिली की त्याची किंमत कमी होत नाही, वाढते.

परवानगी आणि संमती

इथे सैलपणा चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरच्या संशोधनाला सुरुवात करण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी लागते. जुन्या नोंदी चाळायच्या असल्या तरी प्रस्ताव समितीपुढे ठेवावा. धोका नगण्य असेल तर समिती संमतीची अट शिथिल करू शकते, पण तो निर्णय डॉक्टरने स्वतः घ्यायचा नसतो. काम संपल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही, आणि मंजुरीशिवाय चांगले नियतकालिक निबंध घेत नाही.

एकट्या दवाखान्याकडे अशी समिती नसते. उपाय म्हणजे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या अध्यापकाला सहसंशोधक म्हणून सोबत घेणे आणि त्या संस्थेच्या समितीकडे अर्ज करणे. वाशीकरांसाठी धाराशिव, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या जनऔषधवैद्यक विभागात, म्हणजे पीएसएममध्ये, आधी भेटावे. अध्यापकांना निबंध हवे असतात आणि डॉक्टरकडे रुग्ण असतात, त्यामुळे ही जोडी दोघांच्याही फायद्याची ठरते.

उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. नवीन औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्या वाटेला एकट्या डॉक्टरने जाऊ नये.

रुग्णाची संमती मराठीत, त्याला समजेल अशा शब्दांत घ्यावी. ‘यात भाग घेतला नाही तरी उपचार तोच मिळेल’ हे वाक्य तोंडी सांगावे आणि कागदावरही असावे. गावाकडे डॉक्टरला नाही म्हणणे लोकांना जड जाते, म्हणून संमती शक्यतो डॉक्टरऐवजी दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने विचारावी. अक्षरओळख नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते.

खासगीपणाची बाब लहान गावात अधिक नाजूक होते. नाव लपवले तरी ‘अमुक वस्तीवरची २६ वर्षांची, दोन मुलांची आई, एचआयव्हीबाधित’ एवढे छापले की सगळ्या गावाला ती कोण ते कळते. म्हणून नावांची आणि गावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवावी आणि मुख्य वहीत फक्त क्रमांक वापरावा. एकाच रुग्णाची हकिगत छापायची असेल, तर त्याची लेखी संमती हवीच. रुग्णाचे फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय तर आजच सोडावी.

शिकणे, लिहिणे, छापणे

आयसीएमआरच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. प्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, नैतिकता म्हणजे काय, हे त्यात पायरीपायरीने शिकवतात. आकडेमोडीसाठी अमेरिकेच्या सीडीसीने तयार केलेले ‘एपी इन्फो’सारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’ आणि एका रुग्णाच्या हकिगतीसाठी ‘केअर’ या तपाससूची समोर ठेवाव्यात. त्यातल्या एकेका मुद्द्याचे उत्तर लिहीत गेले की निबंधाचा सांगाडा उभा राहतो. इंग्रजीचा बाऊ करू नये. आधी सगळे मराठीत लिहून काढावे. भाषा सुधारून देणारा भेटतो, नोंदी नसतील तर त्या कुणी देऊ शकत नाही.

कुठे पाठवावे? कुटुंबवैद्यकाला वाहिलेले ‘जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर’ हे भारतीय नियतकालिक २०१२ पासून निघते. फिजिशियन संघटनेचे ‘जापी’ आणि ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ आहेत. व्यवसायातल्या नैतिक पेचावर लिहायचे असेल, तर १९९३ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ आहे. फी आहे का, किती, हे पाठवण्याआधी पाहावे.

सावध राहावे ते ‘आठ दिवसांत छापून देतो’ म्हणणाऱ्या ईमेलपासून. असली नियतकालिके परीक्षण न करता पैसे घेऊन छापतात आणि त्यात अडकलेला खरा अभ्यासही वाया जातो. तेवढेच सावध औषध कंपनीच्या ‘सर्वेक्षणा’पासून राहावे: प्रश्न कंपनीचा, तक्ता कंपनीचा, निष्कर्ष कंपनीचा, आणि डॉक्टरला फॉर्ममागे मानधन. त्याला संशोधन म्हणत नाहीत. लेखकांच्या यादीत ज्याने काम केले त्याचेच नाव यावे, आणि ज्या कंपाउंडरने किंवा सिस्टरने वही भरली त्यांचा निदान आभारात नावाने उल्लेख व्हावा.

एकट्याने नव्हे

सकाळपासून रांग, रात्री अपरात्री दार वाजणे, सुटी नाही, बदली डॉक्टर नाही. या दिनक्रमात संशोधनाला वेळ काढा, असा उपदेश करणे सोपे आहे, पाळणे अवघड. म्हणून वाट एकत्र येण्याचीच आहे. वाशी, पारगाव, तेरखेडा अशा चार-पाच ठिकाणच्या डॉक्टरांनी एकच आजार, एकच हंगाम आणि एकच तक्ता ठरवला, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला मोजक्याच नोंदी येतात आणि एका पावसाळ्यात बोलण्याजोगी संख्या जमते. ब्रिटनमध्ये निवडक जनरल प्रॅक्टिशनर्सच्या साप्ताहिक नोंदींवरून फ्लूच्या साथीचा अंदाज घेण्याची व्यवस्था अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे. तालुका डॉक्टर संघटनेच्या मासिक बैठकीत औषध कंपनीच्या भाषणाऐवजी अर्धा तास वह्यांसाठी दिला, तर त्या व्यवस्थेचे छोटे रूप इथेही उभे राहू शकते.

वर्षाचा आराखडा असा आखता येईल. जानेवारी-फेब्रुवारीत प्रश्न ठरवून आधीचे निबंध वाचावेत. मार्चमध्ये महाविद्यालयातल्या सहकाऱ्यासोबत प्रस्ताव नैतिकता समितीकडे द्यावा. समितीच्या शंकांना उत्तरे देण्यात एप्रिल-मे जातील. मंजुरी हाती आली की पहिल्या दहा रुग्णांवर तक्ता वापरून पाहावा आणि अडणारे रकाने दुरुस्त करून बदलांना समितीची मंजुरी घ्यावी. जून ते ऑक्टोबर नोंदी, नोव्हेंबरमध्ये राहिलेले फोन, डिसेंबरमध्ये आकडेमोड आणि लेखन.

निबंध छापून यायला पुढे आणखी काही महिने लागतील, पण निष्कर्ष त्याची वाट पाहत बसू नयेत. दंशानंतरचा सगळ्यात जास्त वेळ वाहन मिळवण्यात जातो असे वह्यांत दिसले, तर ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, १०८ रुग्णवाहिकेच्या जागेबद्दल बोलावे, आणि ज्या गावांतून रुग्ण आले त्या गावांच्या ग्रामसभेत नावे न घेता हे आकडे मांडावेत. ज्यांच्या दुखण्यातून ही माहिती जमली, तिच्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. पुढच्या पावसाळ्याचा प्रश्नही बहुधा त्याच सभेत कुणीतरी उठून विचारेल. तो वहीत लिहून घ्यावा.